माऊसला हात न लावता विंडोज चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकाच्या वर्गात शिकून गेलेली मंडळी वर्ष-दोन वर्षांनीही मला प्रश्न पाठवत राहतात. सेतू केंद्रात बसणारी मुलं, शाळेतल्या मॅडम, सोसायटीचे हिशेब सांभाळणारे काका. विषय फिरून फिरून कीबोर्डवरच येतो, म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. उत्तरं विंडोज १० आणि ११ या दोन्हींसाठी आहेत. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. ‘+’ असेल तिथे बटणं एकत्र दाबायची आणि ‘मग’ असेल तिथे एकामागून एक.

१. कुणीतरी दीडशे शॉर्टकटची यादी पाठवली आहे. ती पाठ करायची का? सुरुवात कुठून करू?

यादी पाठ करू नका. दीडशेतले एकशेचाळीस तुम्हाला कधीच लागणार नाहीत आणि उरलेले दहा त्या गर्दीत हरवतील. त्यापेक्षा एक दिवस टेबलावर कागद ठेवा. माऊसकडे हात गेला की कशासाठी गेला ते दोन शब्दांत लिहा. संध्याकाळी त्या कागदावर दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. तेवढ्यांचेच शॉर्टकट शोधा आणि आठवडाभर तेच वापरा. बोटांना सवय लागली की पुढचे घ्या.

वर्गातल्या एका ताईंच्या कागदावर ‘नाव बदलणे’ हे एकाच दिवसात एकतीस वेळा होतं. स्कॅन केलेल्या दाखल्यांना नावं देण्याचं त्यांचं काम. त्यांनी आधी फक्त एफ-२ शिकलं (प्रश्न ८ पाहा). कॉपी-पेस्टही नंतर.

२. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि विंडोज ही चार बटणं वेगवेगळी कशाला? नक्की कुठलं कधी दाबायचं ते कसं लक्षात ठेवू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर नीट समजलं की निम्मे शॉर्टकट अंदाजानेच सापडतात.

कंट्रोलचं काम तुमच्या हातातल्या मजकुराशी किंवा फाइलशी असतं: कॉपी, सेव्ह, प्रिंट, शोध. आल्टचं काम त्या प्रोग्रॅमच्या विंडोशी आणि मेनूशी असतं. विंडोज बटण, म्हणजे चार चौकोनांचं चित्र असलेलं, अख्ख्या संगणकाशी बोलतं. त्यामुळे वर्डमध्ये असा नाहीतर ब्राउझरमध्ये, ते सगळीकडे सारखंच चालतं.

शिफ्टच्या दोन सवयी ओळखून ठेवा. ते एकतर दिशा उलटी करतं किंवा निवड वाढवतं. टॅबने पुढच्या रकान्यात जाता, शिफ्ट + टॅबने मागच्या. बाणाने कर्सर हलतो, शिफ्ट + बाणाने मजकूर निवडला जातो.

या वाटणीला काही अपवाद आहेत आणि त्यांना कारण आहे. विंडोज बटण मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्डवर १९९४ मध्ये आलं आणि विंडोज ९५ नंतर सगळीकडे पसरलं. आल्ट + टॅब, आल्ट + एफ-४ यांसारखे त्याआधीचे शॉर्टकट आल्टवरच राहिले.

३. तिन्ही बटणं अगदी एकाच क्षणी दाबायची का? माझं कधी लागतं, कधी नाही.

एकाच क्षणी दाबायला जाल तर चुकेलच. क्रम असा: कंट्रोल, आल्ट, शिफ्ट, विंडोज यांपैकी जी बटणं असतील ती आधी दाबून धरायची, मग शेवटचं अक्षर टिचकी मारल्यासारखं दाबून सोडायचं, मग बाकीची सोडायची. कंट्रोल + शिफ्ट + एन करताना करंगळी कंट्रोलवर, अनामिका शिफ्टवर ठेवा आणि एन दुसऱ्या हाताने दाबा. एकाच हाताने सगळं करायचा हट्ट नको.

विंडोज + डी दाबलं आणि स्टार्ट मेनू उघडला, तर समजायचं की डी दाबण्याआधीच विंडोज बटण सुटलं.

४. दोन कामांत ये-जा करायचा सगळ्यात सोपा मार्ग कुठला? आल्ट + टॅब दाबलं की इतकी चित्रं येतात की गोंधळ उडतो.

आल्ट धरून टॅबची एकच टिचकी मारली की आधीच्या विंडोवर जाता. पुन्हा तेच केलं की परत. दोन विंडोंमध्ये ये-जा करायला चित्रांकडे बघायचीही गरज नाही. तिसऱ्या-चौथ्या विंडोवर जायचं असेल तर आल्ट न सोडता टॅब दाबत राहा. पुढे निघून गेलात तर शिफ्टची जोड द्या.

चित्रांची गर्दी बहुतेक वेळा एज ब्राउझरमुळे होते. त्याचे टॅबही स्वतंत्र विंडोसारखे दाखवले जातात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग मल्टिटास्किंग इथे जाऊन ते दाखवणं बंद करा.

टास्कबारवर कायम ठेवलेल्या प्रोग्रॅमसाठी याहून थेट वाट आहे. डावीकडून पहिल्या चिन्हासाठी विंडोज + १, दुसऱ्यासाठी विंडोज + २, असं पुढे. प्रोग्रॅम बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो. रोजचे चार प्रोग्रॅम टास्कबारवर ठरलेल्या क्रमाने लावून ठेवा. मला विचाराल तर आल्ट + टॅबपेक्षा मी हेच जास्त वापरतो.

ब्राउझरच्या आतले टॅब बदलायला मात्र कंट्रोल + टॅब. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टी ने परत येतो.

५. टेबलासमोर अचानक कुणी आलं तर स्क्रीन झाकायची कशी?

क्षणभरासाठी विंडोज + डी. सगळं खाली जातं आणि पुन्हा तेच दाबलं की परत येतं. जागेवरून उठत असाल तर विंडोज + एल, म्हणजे संगणकाला कुलूप. उघडी कामं तशीच राहतात, परत येऊन पासवर्ड टाकायचा. ज्यांच्या स्क्रीनवर लोकांचे आधार क्रमांक, खाती, दाखले उघडे असतात त्यांनी हा एक शॉर्टकट आजच हाताला लावून घ्यावा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी हाच शिकवतो.

६. माऊस बंद पडला आहे. काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायचा आहे. बटण दाबून धरू का?

नका धरू. असं केलं की सेव्ह न केलेलं काम जातं. पुढच्या क्रमाने जा.

कंट्रोल + एस ने चालू फाइल सेव्ह करा. आल्ट + एफ-४ ने तो प्रोग्रॅम बंद करा. ‘सेव्ह करायचं का’ असा प्रश्न आला तर टॅबने हव्या त्या उत्तरावर जा आणि एंटर दाबा. आल्ट + टॅबने पुढच्या विंडोवर या, तिथेही तसंच. सगळं बंद झालं की विंडोज + एक्स, मग यू, मग पुन्हा यू. संगणक बंद होईल. शेवटच्या यू ऐवजी आर दाबलं तर तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अक्षरं आठवली नाहीत तरी अडत नाही: विंडोज + डी ने डेस्कटॉपवर या आणि तिथे आल्ट + एफ-४ दाबा, बंद करण्याची चौकट येते.

परगावी असताना माझ्या लॅपटॉपचं टचपॅड एकदा असंच गेलं. दुरुस्तीवाल्याने पार्ट यायला आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं. त्या आठ दिवसांत अर्धी कामं याच चार बटणांवर निभावली: टॅबने पुढच्या जागी जायचं, शिफ्ट + टॅबने मागे यायचं, स्पेसने चौकटीत खूण करायची, एंटरने मान्य करायचं. कुठलाही फॉर्म एवढ्यावर भरता येतो. काही अंगाशी येतंय असं वाटलं तर एस्केप. आणि एखाद्या विंडोत टॅब एकाच भागात फिरत राहिला तर एफ-६ दाबा, ते पुढच्या भागात उडी मारतं.

माऊसचा बाण हवाच असेल तर डावं आल्ट + डावं शिफ्ट + नम लॉक दाबा आणि विचारल्यावर होकार द्या. मग उजवीकडच्या अंकांच्या बटणांनी बाण हलतो आणि ५ ने क्लिक होतं. त्यासाठी कीबोर्डवर अंकांचा वेगळा भाग असावा लागतो.

७. राइट क्लिकला कीबोर्डवर काय आहे?

शिफ्ट + एफ-१०. काही कीबोर्डवर उजव्या कंट्रोलच्या शेजारी छोट्या यादीचं चित्र असलेलं बटण असतं, त्याचंही तेच काम. मेनू उघडला की बाणाने खाली जायचं आणि एंटर.

८. फाइल आणि फोल्डरमध्ये माऊसशिवाय कसं फिरायचं? नावं बदलायला फार वेळ जातो.

विंडोज + ई ने एक्सप्लोरर उघडतो. फाइलचं नाव ‘सातबारा’ने सुरू होत असेल तर बाणाने खाली सरकत बसू नका, पहिली दोन-तीन अक्षरं भरभर टाइप करा, कर्सर थेट तिथे जातो. एंटरने फोल्डर उघडा. आल्ट + वरचा बाण दाबला की एक पायरी वर, म्हणजे बाहेरच्या फोल्डरमध्ये. आल्ट + डावा बाण दाबला की आधी जिथे होतात तिथे. या दोन्हींतला फरक सुरुवातीला कळत नाही. पाच मिनिटं फिरून पाहिलं की कळतो. कंट्रोल + शिफ्ट + एन ने नवा फोल्डर, आल्ट + एंटरने फाइलचा आकार-तारीख वगैरे माहिती.

आता नावं. फाइलवर उभं राहून एफ-२ दाबा. नीट पाहिलंत तर फक्त नाव निळं होतं, बिंदूनंतरचं पीडीएफ किंवा जेपीजी सुटं राहतं. म्हणून थेट टाइप केलं तरी फाइलचा प्रकार बिघडत नाही. नवं नाव लिहिल्यावर एंटर न दाबता टॅब दाबा, लगेच पुढच्या फाइलचं नाव बदलायला खुलं होतं. नाव, टॅब, नाव, टॅब असं करत पन्नास दाखले एका बैठकीत होतात. प्रश्न १ मधल्या ताई आता असंच करतात.

सगळ्यांना एकच नाव आणि पुढे क्रमांक हवा असेल तर कंट्रोल + ए, मग एफ-२, नाव लिहा, एंटर. कंसात १, २, ३ असे आकडे आपोआप लागतात. चुकलं तर कंट्रोल + झेड. फायलींची नावंसुद्धा त्याने पूर्ववत होतात, हे अनेकांना माहीत नसतं.

मधल्या मधल्या फाइल निवडायच्या असतील तर कंट्रोल धरून बाणाने हव्या त्या फाइलवर जा आणि कंट्रोल न सोडता स्पेस दाबा. पुढच्या फाइलवर जाऊन तेच करा.

९. डिलीट केलेली फाइल कंट्रोल + झेडने परत आली नाही. असं का?

तीन शक्यता आहेत. शिफ्ट + डिलीट दाबलं असेल तर फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. पेन ड्राइव्हवरची किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकातली फाइल असेल तर साध्या डिलीटनेही ती थेट जाते. किंवा मधल्या वेळात एक्सप्लोररमध्ये दुसरी कामं झाली असतील, तेव्हा रिसायकल बिन उघडून पाहा. शिफ्ट + डिलीट ही सवय लावूच नका. जागा करायची असेल तर बिन नंतर सावकाश रिकामा करता येतो.

१०. एक कॉपी केलं, पेस्ट करायच्या आधीच दुसरं कॉपी झालं. पहिलं गेलं का?

विंडोज + व्ही आधीपासून चालू असेल तर गेलेलं नाही. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून आहे, पण ती तुम्हालाच चालू करावी लागते. पहिल्यांदा विंडोज + व्ही दाबलं की ‘टर्न ऑन’चं बटण येतं. त्यानंतर शेवटच्या २५ गोष्टी त्या यादीत राहतात, बाणाने निवडायची आणि एंटर. पत्ता किंवा संस्थेचं नाव असं रोज लागणारं काही असेल तर त्याला पिन लावा. पिन लावलेलं सोडून बाकीची यादी संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर रिकामी होते.

एक काळजी घ्या. तुम्ही कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत उघडा दिसू शकतो. अनेकांच्या हाताखालून जाणाऱ्या संगणकावर ही सोय चालू ठेवू नका, किंवा उठण्याआधी ‘क्लिअर ऑल’ करा.

कॉपीला सी, मग कटला एक्स आणि पेस्टला व्ही का, हेही नेहमी विचारलं जातं. कट-कॉपी-पेस्टची कल्पना झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घडवली. झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर आली. चारही बटणं खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत. डावा हात जागचा हलवावा लागत नाही आणि उजवा माऊसवर राहू शकतो.

११. वेबवरून कॉपी केलेला मजकूर रंगीत आणि मोठ्या अक्षरात येतो. साधा कसा आणू?

ब्राउझरमधल्या ईमेलमध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्ही. वर्डमध्ये नेहमीसारखं पेस्ट करा, मग नुसतं कंट्रोल दाबून सोडा, मग टी. फक्त अक्षरं उरतात, सजावट जाते.

१२. स्क्रीनचा फोटो काढायला नक्की कुठलं बटण? प्रिंट स्क्रीन दाबलं तर कधी काहीच होत नाही, कधी काहीतरी उघडतं.

विंडोज + शिफ्ट + एस लक्षात ठेवा, दोन्ही विंडोजमध्ये सारखं चालतं. स्क्रीन अंधुक होते, हवा तो भाग निवडायचा आणि जिथे पाहिजे तिथे कंट्रोल + व्ही. अख्खी स्क्रीन थेट फाइल म्हणून हवी असेल तर विंडोज + प्रिंट स्क्रीन, फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाऊन बसतो.

‘काहीच होत नाही’ असं वाटतं तेव्हा बहुधा फोटो निघालेला असतो, फक्त तो कॉपी होऊन थांबलेला असतो. पेस्ट करून पाहा. विंडोज ११ मध्ये नुसतं प्रिंट स्क्रीन दाबल्यावर भाग निवडायची चौकट उघडू शकते. ती नको असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथे बंद होते.

१३. डावीकडे पीडीएफ आणि उजवीकडे फॉर्म असं शेजारी शेजारी कसं लावू?

पीडीएफच्या विंडोवर असताना विंडोज + डावा बाण. उरलेल्या जागेत बाकीच्या विंडो दिसतील, बाणाने फॉर्म निवडा आणि एंटर. दोन मॉनिटर असतील तर विंडोज + शिफ्ट + बाणाने अख्खी विंडो दुसऱ्या मॉनिटरवर जाते.

१४. मराठीत टाइप करताना कंट्रोल + सी चालतं का? की दर वेळी इंग्रजीवर यायचं?

चालतं. कीबोर्ड मराठीवर असला तरी कंट्रोलबरोबर तेच बटण तेच काम करतं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या मराठी कीबोर्डच्या प्रमाणित मांडणीत, सीच्या जागी ‘म’ आहे म्हणून कंट्रोलबरोबर वेगळं बटण शोधायला नको. भाषा बदलायला विंडोज + स्पेस.

दोन ठिकाणी मात्र मी आधी इंग्रजीवर येतो. एक, मेनूतलं अधोरेखित इंग्रजी अक्षर आल्टबरोबर दाबायचं असेल तेव्हा. दुसरं, प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे पहिली अक्षरं टाइप करून फाइल शोधायची असेल आणि फाइलचं नाव इंग्रजीत असेल तेव्हा. कीबोर्ड मराठीवर राहिला तर विंडोज ‘सातबारा’ शोधेल, पण इंग्रजी अक्षरांतलं नाव तिला सापडणार नाही.

इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांचा याला जोडूनच येणारा प्रश्न ‘ळ’ आणि ‘वाऱ्यावर’मधल्या अर्ध्या ऱ्याचा. ळ साठी शिफ्ट + एन. ऱ्या साठी शिफ्ट + जे (ऱ), मग डी (हलन्त), मग य, मग काना. साधा र आणि हलन्त दिलात तर रफार वर चढतो आणि ‘वार्यावर’ उमटतं. निमंत्रणपत्रिकांपासून सरकारी फलकांपर्यंत ही चूक दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती टाळायला फक्त एक शिफ्ट लागतं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायचं असेल तर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आत आहे.

१५. इंग्रजी लिहिता लिहिता मध्येच आपोआप मराठी उमटायला लागतं. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. डावं आल्ट + शिफ्ट हाही भाषा बदलायचा जुना शॉर्टकट आहे आणि तो घाईत चुकून दाबला जातो. आल्ट + शिफ्ट + टॅबने मागच्या विंडोवर जाताना तर हमखास. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज या वाटेने जा आणि तिथे ‘नॉट असाइन्ड’ निवडा. विंडोज + स्पेस तेवढं चालू राहतं.

१६. ₹ हे चिन्ह कसं काढू?

कीबोर्डची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ असेल तर उजवं आल्ट + ४. ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेल तर ते उमटणार नाही, मग बटणावर ₹ छापलेलं का असेना. विंडोज + स्पेस दाबून कुठली भाषा आहे ते पाहा.

१७. लॅपटॉपवर एफ-२ दाबलं की नाव बदलायच्या ऐवजी उजेड कमी-जास्त होतो.

तुमच्या लॅपटॉपवर वरच्या ओळीचं पहिलं काम आवाज-उजेडाचं ठरवलेलं आहे. डाव्या कोपऱ्यातलं एफएन धरून एफ-२ दाबा. अदलाबदल कायमची हवी असेल तर अनेक लॅपटॉपवर एफएन + एस्केपने होते. एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप काढलेलं असेल तर ही सोय आहे. नसेल तर लॅपटॉप सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये ती सापडते.

१८. शिफ्ट दाबता दाबता एक आवाज आला आणि चौकट उघडली. आता कीबोर्ड विचित्र वागतोय.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची चौकट येते. चुकून होकार दिला तर कंट्रोल किंवा शिफ्ट सोडल्यावरही ‘दाबलेलं’ राहतं. पुन्हा पाच वेळा शिफ्ट दाबा, बंद होईल. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून राहिलं तर फिल्टर कीज चालू होऊ शकतं, तेव्हा बटणं पटकन उमटत नाहीत आणि कीबोर्ड मेला असं वाटतं. तेही पुन्हा आठ सेकंद धरून बंद करा.

या सोयी काढून टाकायच्या आधी एक विचार करा. ज्यांचा एकच हात चालतो त्यांना कंट्रोल + आल्ट + डिलीट करायला स्टिकी कीज हाच आधार असतो. सामायिक संगणकावर शॉर्टकट राहू द्या, नको असेल तेव्हा फक्त नकार द्या.

१९. एक्सेलमध्ये बाण दाबला की पुढच्या चौकोनात जायच्या ऐवजी अख्खं पान सरकतं.

स्क्रोल लॉक चालू आहे. कीबोर्डवर ते बटण असेल तर एकदा दाबा. लॅपटॉपवर बहुधा नसतं, तेव्हा विंडोज + कंट्रोल + ओ दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि त्यातलं ‘एससीआर एलके’ असं लिहिलेलं बटण दाबा. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो आणि दर वेळी समोरचा माणूस एक्सेल काढून पुन्हा टाकायच्या बेतात असतो.

२०. प्रोग्रॅम चालू आहे, टास्कबारवर दिसतोय, पण विंडो कुठेच नाही. आणि एकदा तर अख्खी स्क्रीनच आडवी झाली होती.

पहिलं घडतं ते दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर काढून घेतल्यावर. विंडो त्या नसलेल्या जागेत अडकलेली असते. आल्ट + टॅबने तिच्यावर जा, मग आल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता माऊस हलवला की विंडो त्याला चिकटून आत येते. माऊस नसेल तर बाणच दाबत राहा आणि दिसली की एंटर.

आडव्या स्क्रीनचं कारण वेगळं. इंटेल ग्राफिक्सच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल + आल्ट + बाणाने स्क्रीन फिरते. कंट्रोल + आल्ट + वरचा बाण दाबा, सरळ होईल. नाही झाली तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, तिथे ओरिएंटेशन ‘लँडस्केप’ करा.

२१. संगणक अडकला की मी लगेच कंट्रोल + आल्ट + डिलीट दाबतो. बरोबर आहे का?

चालतं, पण एक पायरी वाचवता येते. कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर थेट उघडतो. अडकलेला प्रोग्रॅम बाणाने निवडा आणि डिलीट दाबा. स्क्रीन काळी पडली असेल किंवा चित्र गोठलं असेल तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी. एक बीप येते, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं जात नाहीत, म्हणून बटण दाबून बंद करण्याआधी हे एकदा करून पाहाच.

कंट्रोल + आल्ट + डिलीट आयबीएमच्या १९८१ च्या पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने ठरवलं. तेव्हा त्याने संगणक तडक पुन्हा सुरू व्हायचा, म्हणून मुद्दाम एका हाताने चुकून दाबली जाणार नाहीत अशी लांबची बटणं निवडली.

२२. माझ्या भावाला दिसत नाही. तो एनव्हीडीए वापरतो, पण काही शॉर्टकट प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाहीत.

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी, जे स्वतः दृष्टिहीन आहेत, २००६ मध्ये तो लिहायला घेतला. तो इन्सर्ट हे बटण स्वतःसाठी राखून ठेवतो, सेटिंगमध्ये ठरवलं तर कॅप्स लॉकही. वेब पानावर तर एच, के, बी अशी सुटी अक्षरंही त्याचीच असतात: एचने पुढचं शीर्षक, केने पुढची लिंक, बीने पुढचं बटण. म्हणून तिथे टाइप केलेलं रकान्यात उमटत नाही. इन्सर्ट + स्पेस दाबला की तो बाजूला होतो आणि अक्षरं रकान्यात जातात. एखादा शॉर्टकट फक्त एकदाच थेट प्रोग्रॅमला द्यायचा असेल तर आधी इन्सर्ट + एफ-२, मग तो शॉर्टकट.

एनव्हीडीए टाकलेला नसलेल्या संगणकावर बसावं लागलं तर विंडोज + कंट्रोल + एंटरने विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो. दृष्टिहीन माणसाला संगणक शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्याच्या हातून माऊस घेऊन ‘हे बघ, असं’ म्हणत काम करून देऊ नका. प्रश्न ६ मधली टॅब-स्पेस-एंटरची वाट त्याला आधी द्या.

२३. माझ्या रोजच्या प्रोग्रॅमसाठी स्वतःचा शॉर्टकट बनवता येतो का?

येतो. डेस्कटॉपवरच्या त्याच्या चिन्हावर आल्ट + एंटर दाबा, ‘शॉर्टकट की’ या रकान्यात जाऊन एक अक्षर दाबा, उदाहरणार्थ टी. विंडोज त्याचं कंट्रोल + आल्ट + टी करते. चिन्ह डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच हे चालतं, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं की बंद. आकडा निवडताना सांभाळा: उजवं आल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल + आल्टच, त्यामुळे ४ दिलात तर प्रश्न १६ मधल्या ₹ शी भांडण होईल.

बटणांचं कामच बदलायचं असेल, म्हणजे तुटलेल्या बटणाचं काम दुसऱ्याला द्यायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज घ्या. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे. माझ्या कीबोर्डचं उजवं कंट्रोल गेलं तेव्हा मी ते काम कॅप्स लॉकला दिलं आणि नवा कीबोर्ड आल्यावरही तसंच ठेवलं.

२४. रिमोट डेस्कटॉपवरून ऑफिसच्या संगणकावर काम करतो. शॉर्टकट दाबला की घरचाच संगणक ऐकतो.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये विंडोज बटणाचे शॉर्टकट पलीकडे जातात ते साधारणपणे विंडो पूर्ण स्क्रीनवर असताना. छोट्या विंडोतही हवे असतील तर जोडणी करण्याआधी ‘शो ऑप्शन्स’मधल्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये कीबोर्डच्या रकान्यात ‘ऑन द रिमोट कंप्युटर’ निवडा. कंट्रोल + आल्ट + डिलीट मात्र कायम घरचाच संगणक पकडतो. पलीकडे ते पाठवायला कंट्रोल + आल्ट + एंड आहे. छोट्या विंडोत काम करत असताना पलीकडचे प्रोग्रॅम बदलायला आल्ट + टॅबच्या जागी आल्ट + पेज अप. रिमोटचे इतर प्रोग्रॅम वापरत असाल तर कंट्रोल + आल्ट + डिलीट पाठवायचं बटण त्यांच्या मेनूतच असतं, तिथे शोधा.